बोललेला कोंबडा

"आमच्या घरचे शिस्तीतले आहेत भावा. मी बोलावल्याशिवाय गेटच्या आत पाऊल टाकत नाहीत," असं म्हणून सार्थकनं प्रद्युम्नच्या प्लेटमधला अर्धा वडा उचलला आणि तोंडात कोंबला. शनिवार होता. कॉलेजात 'उन्मेष' हे वार्षिक संमेलन सुरू झालं होतं आणि पहिल्याच दिवशी पालक-मेळावा होता. ज्यांचे आईबाप येणार होते ती पोरं सकाळपासून दाढ्या करून, खोलीतली पोस्टरं भिंतीकडं तोंड करून, एकमेकांना चक्क 'अहो' म्हणत हिंडत होती. सार्थकनं घरी मेळाव्याचं कळवलंच नव्हतं, त्यामुळं त्याची दाढी होती तशी होती आणि कँटीनच्या कट्ट्यावर त्याच्याएवढा सुखी माणूस दुसरा नव्हता. वडा गालात असतानाच मोबाईल वाजला. अण्णांचा फोन. त्यानं तो डाव्या कानाला लावला, तर अण्णांच्या आधी फोनातून कोंबडा आरवला. "गावाकडचं नेटवर्क," असं म्हणून त्यानं प्रद्युम्नला डोळा मारला. तोच कोंबडा परत आरवला, तेव्हा मात्र तो डाव्या कानात फोनातून आरवला आणि उजव्या कानात गेटाकडून.

माणसाच्या आयुष्यात काही आवाज असे असतात की ते एका वेळी एकाच कानात यावेत. कट्ट्यावरून गेटापर्यंत दीडदोनशे पावलं असतील; तेवढ्या अंतरात सार्थकच्या डोक्यात काय काय येऊन गेलं. घरी कुणी गेलं असेल. कुणी गेलं असतं तर कोंबडा कशाला आणतील. मग वड्याचा घास गिळायचा राहिलाय हे आठवलं. मग बाकी सगळं बाजूला सारून, पाण्यात दाबून धरलेला भोपळा सुटावा तसं ते एकच वर आलं. एम-थ्री. म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, ज्यात तो नापास झाला होता आणि घरी पास झालो म्हणून सांगून मोकळा झाला होता. गेटाशी अण्णा उभे होते, पांढरा पायजमा, पांढरी टोपी, टोपीला इस्त्री. शेजारी आई, ठेवणीतल्या पोपटी साडीत. अण्णांच्या हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, तिच्या तोंडाला सुतळी, आणि कोपऱ्याला पाडलेल्या भोकातून बाहेर आलेली तांबडी मान. त्या मानेचं आणि वॉचमन कुंडलिकमामांचं एव्हाना चांगलं जमलं होतं. मामा तिला आपल्या डब्यातले पोहे चारत होते.

"तुज्या पासाचा कोंबडा," अण्णा म्हणाले. आवाज हळू ठेवला होता त्यांनी, देवळात बोलतात तसा. "हितल्या म्हसोबाला बोललो व्हतो. उद्या रईवार हाय, सकाळी देऊन टाकू. आज तुजं कालेज बगू."

हे बोलणं कधी झालं असेल ते सार्थकला तिथंच उभ्या उभ्या दिसलं. दीड वर्षापूर्वी, ॲडमिशनच्या दिवशी. सगळे बाप वसतिगृहाच्या खोल्या बघत होते, नळाला पाणी येतं का ते बघत होते, आणि अण्णा मात्र इमारतींच्या मागं मागं, काही हरवल्यासारखे फिरत होते. पार्किंगच्या पलीकडं, बाभळीखाली, शेंदूर फासलेला दगड त्यांना दिसला तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैलावला. कॉलेज बांधणाऱ्यांनी टेकडी उकरली, नाला वळवला, पण त्या दगडाला हात लावायचं धाडस जेसीबीवाल्याला झालं नव्हतं. अण्णांनी चपला काढल्या, टोपी सरळ केली आणि हात जोडले. "हितला मालक ह्यो," ते सार्थकला म्हणाले होते. "बाकीचे समदे भाडोत्री." तेव्हा सार्थकला हसू आलं होतं. आपल्या बापानं मालकाशी परस्पर करार केलाय, हे त्याला आज कळत होतं. आणि करार असा की बापानं आपली बाजू वाजतगाजत पुरी करायला आणली होती, आणि ज्याच्या जोरावर हे सगळं, ते घडलेलंच नव्हतं.

खरं म्हणजे त्याला खोटं बोलायचं नव्हतं. लोक खोटं बोलतात ते काहीतरी मिळवायला. सार्थक बोलला तो चहासाठी, आणि तोही दुसऱ्याच्या. झालं असं की दिवाळीनंतर कधीतरी अण्णा फोनवर सहज बोलून गेले की तुज्या आईनं च्या सोडलाय, तू ह्या परीक्षेत सुटूस्तवर. आईनं, हिर्डोशीच्या फुलाबाईनं, चहा सोडणं म्हणजे काय हे गावाबाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आईची सकाळ चुलीवर व्हायची नाही, चहावर व्हायची. गुळाचा, काळा, दुधाचा नुसता वास लागलेला चहा. तो ती बशीत ओतून एका घोटात असा ओढायची की शेजारच्या खोलीत सार्थक त्या आवाजानं जागा व्हायचा. वरंधा घाटाकडून येणारं गार वारं, धुरानं चुरचुरणारे डोळे आणि तो फुर्र आवाज; त्याच्या लहानपणाला घड्याळ म्हणून तेवढंच होतं. चहा नसला की आईचं डोकं दुखायचं. एकदा यात्रेला जाताना यष्टी घाटात बंद पडली आणि दुपारपर्यंत चहा मिळाला नाही, तेव्हा ती कपाळाला पदर आवळून रस्त्याकडेला बसली होती आणि कुणाशी बोलत नव्हती. आता तर महिनोन्‌महिने. फोनवर तिचा आवाज बारीक यायचा. "बरं हाय," म्हणायची. कपाळाला फडकं बांधलेल्या बाईचं 'बरं हाय' कसं लागतं ते पोराला कळतं.

निकाल लागला त्या दिवशी त्यानं खरं सांगायलाच फोन लावला होता. वाक्य तयार होतं. प्रद्युम्न त्याच्या शेजारीच उभा होता, तोही त्याच विषयात राहिला होता. त्यानं भोरला घरी फोन करून सांगितलं आणि त्याच्या वडलांनी "बरं, पुढच्या वेळी," म्हणून परत मीटिंगकडं लक्ष दिलं. त्याच्या घरात कुणी काही सोडलेलं नव्हतं. सार्थकनं फोन लावला, तिकडून आईचा तो बारीक आवाज आला, आणि तयार वाक्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं. "झालो पास." पलीकडून काटक्या मोडल्याचा आवाज. मग पातेलं. फोन तसाच कुठंतरी फळीवर ठेवलेला. सार्थक हॉस्टेलच्या जिन्यात कान लावून बसून राहिला आणि बऱ्याच वेळानं, तीसेक किलोमीटरवरून, त्याला तो आवाज ऐकू आला. फुर्र. तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं होतं की आपण नापास आहोत हे त्याला दोन दिवस आठवलंच नाही.

आता ते आठवत होतं आणि पिशवी त्याच्याच हातात होती. अण्णांनी ती मानानं त्याच्याकडं दिली होती, "तुजा हाय, तूच धर." पिशवी गरम होती. आत काहीतरी सारखं उसळत होतं. मेळाव्याच्या मांडवात पुण्याहून आलेले एक पाहुणे 'मुलांचे मित्र व्हा' या विषयावर बोलत होते. ते 'मित्र' म्हणाले की लगेच कोंबडा आरवायचा, आणि आयाबाया पदरात हसायच्या. मांडवाच्या दारात टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलामागं एकेक प्राध्यापक, आपल्या वर्गातल्या पोरांच्या आईबापांशी बोलायला. तिसऱ्या टेबलाशी मालिनी मॅडम. एम-थ्री शिकवायच्या त्याच आणि वर्गाच्या पालकांशी बोलायच्याही त्याच, म्हणजे बुडवायचं आणि कळवायचं ही दोन्ही खाती एकाच घरात. तशा बाई स्वभावानं फार चांगल्या. त्यांनी सार्थकला दोनदा थांबवून सांगितलं होतं, अरे सोपंय, ये माझ्याकडं. तोच गेला नाही. चांगल्या माणसासमोर मठ्ठ दिसायची त्याला लाज वाटायची.

तिसरं टेबल टाळायचं एवढा एकच कार्यक्रम हाती घेऊन सार्थकनं आईबापाला त्या दिवशी जे कॉलेज दाखवलं, ते कॉलेज बांधणाऱ्यांनीही पाहिलं नसेल. वर्कशॉप दाखवलं. आईनं लेथ मशीनला हात लावून तो हात कपाळाला लावला. जनरेटर दाखवला. गच्चीवरच्या टाक्या दाखवल्या. लायब्ररीत नेलं, तिथं कोंबड्याला शांतता सोसली नाही म्हणून बाहेर काढलं. थंड पाण्याचं मशीन तीन वेळा दाखवलं आणि तिन्ही वेळा दोघं पाणी प्याले, पोरगं एवढ्या हौसेनं दाखवतंय म्हणून. प्रत्येक इमारतीसमोर अण्णा विचारायचे, "ह्यात तू शिकतूस?" आणि हो म्हटलं की इमारतीकडं खालपासून वरपर्यंत असे बघायचे की सार्थकला वाटायचं, त्या इमारतीनंच आता तोंड उघडून सांगून टाकावं. आई मागून सावकाश येत होती. तिच्या कपाळाला ते फडकं नव्हतं. ती कँटीनवरून जाताना थांबली, उकळत्या पातेल्याकडं बघून ओळखीचं हसली आणि म्हणाली, "उद्या देवाचं झालं की हितला च्या पिऊ."

उघड्या चौकात रोबोंची शर्यत लागली होती. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी चिकटवलेली, वळणं घेत गेलेली, आणि त्या पट्टीवरून बुटाच्या खोक्याएवढी यंत्रं आपली आपण धावायची. प्रद्युम्नच्या रोबोला पुढं दोन डोळे बसवले होते. समोर काही आलं की तो थांबायचा, असलं दुसऱ्या कुणाच्यात नव्हतं. फायनल होती. सार्थकनं आईबापाला गर्दीत घातलं आणि जरा श्वास घेतला, तेवढ्यात शेजारी मालिनी मॅडम. "तुम्ही सार्थकचे आईवडील ना," त्या हसून म्हणाल्या. "मी तुम्हाला सकाळपासून शोधतेय. सार्थकबद्दल जरा बोलायचं होतं." अण्णांनी टोपी काढली. आईनं पदर सारखा केला. दोघंही वाकून बाईंच्या पाया पडणार की काय अशा बेतात होते आणि बाईंचं तोंड पुढच्या शब्दासाठी उघडत होतं. सार्थकच्या अंगठ्याला सुतळीची गाठ लागली. नंतर त्यानं स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं की गाठ सैल होती का. गाठ अण्णांनी मारली होती. अण्णांनी मारलेली गाठ बैलाला सुटत नाही. त्यानं ती सोडली. दोन बोटांनी, मान दुसरीकडं फिरवून, जसं काही ते हात त्याचे नव्हतेच.

कोंबडा आधी बाईंच्या अंगावरून गेला. मग प्राचार्यांच्या खुर्चीवरून. मग पंचांनी हात वर केलेले होते त्यात त्याला कुणीतरी बोलावल्यासारखं वाटलं असावं, कारण तो थेट फ्लेक्सवर उतरला. पोरांनी अशी आरोळी ठोकली की मांडवातले पाहुणे मैत्री तिथंच सोडून उठले. अण्णा तोवर चपला काढून शर्यतीत उतरले होते. त्यांनी एका झेपेत कोंबड्याला पंखांवरून दाबलं, मान खाली रेटली, आणि ती नेमकी काळ्या पट्टीवर टेकली. कोंबड्याची चोच रेघेला लावली की तो रेघेकडं बघत राहतो, हलत नाही, हे गावाकडं पोरंटोरं खेळ म्हणून करतात. अण्णांच्या तेव्हा ते ध्यानीमनीही नव्हतं, त्यांना फक्त पाय बांधायचे होते. पण कोंबडा थिजला. अण्णांनी हात काढून सुतळी शोधली तरी तो तसाच, चोच खाली, डोळा रेघेवर. तेवढ्यात वळणावरून प्रद्युम्नचा रोबो आला, त्याला समोर काहीतरी दिसलं, आणि त्याला शिकवलं होतं त्याप्रमाणं तोही थांबला. दोघं एकाच रेघेवर समोरासमोर. हा हलेना, तो हलेना. मागून दुसऱ्यांचे रोबो येऊन एकमेकांवर चढले. लोक मोबाईल काढून हसत होते, मालिनी मॅडमही हसत होत्या, डोळे पुसत होत्या, त्यांना काय बोलायचं होतं ते त्या विसरून गेल्या होत्या. आईसुद्धा हसत होती. सार्थक एकटा त्या डोळ्याकडं बघत होता. गोल, पिवळा, उघडा. पळायला चारी बाजू मोकळ्या आहेत, कुणी धरलेलं नाही, आणि तरी समोरची एक रेघ सोडवत नाही. त्याला वाटलं, निकालाच्या दिवसापासून आपण असेच बसलोय.

शर्यत रद्द झाली. प्रद्युम्न रोबो काखेत मारून आला, कोंबड्याकडं बघितलं, सार्थककडं बघितलं आणि म्हणाला, "शिस्तीतले घरचे." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर सार्थकला बरं वाटलं असतं. संध्याकाळी त्यानं आईबापाला नसरापूरपर्यंत सोडलं; तिथून ते वडापच्या जीपनं कामथडीला मावशीकडं मुक्कामाला गेले, कोंबड्यासकट. जीपमध्ये बसताना आईनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "बाई लई चांगल्या हायत तुज्या. काय बोलायचं व्हतं त्यास्नी, ऱ्हाऊनच गेलं."

रविवारी सकाळी बाभळीखाली कुणी नव्हतं. पार्किंगमध्ये गाड्या दवानं ओल्या झालेल्या, हॉस्टेल अजून झोपलेलं. आईनं जागा झाडली, दगडाला पाणी घातलं, शेंदूर लावला, नारळ ठेवला. सगळं इतकं नेटकं आणि गुपचूप चाललं होतं की सार्थकला घरच्या देवघरात उभं असल्यासारखं वाटलं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. देवाला फसवायचं तर निदान गोंधळ तरी पाहिजे. अण्णांनी कोंबड्याच्या पायावर पाणी घातलं, तुऱ्याला हळदकुंकू लावलं आणि त्याला दगडापुढं उभा केला. आईनं कनवटीची पुरचुंडी सोडून घरच्या आंबेमोहोराचे मूठभर तांदूळ त्याच्यापुढं टाकले. आता त्यानं दाणे टिपले की देवानं मान्य केलं, मग सुरी. सार्थकनं हे गावच्या जत्रेत दरवर्षी बघितलं होतं. कोंबडी जात ही तांदळाला नाही म्हणत नाही, त्यामुळं देव आजवर कुणावर फारसा रुसलेला नव्हता.

कोंबड्यानं दाणे टिपले नाहीत. कालच्या दिवसात त्यानं कुंडलिकमामांचे पोहे, आईच्या गजऱ्यातली दोन फुलं आणि पालक-मेळाव्याच्या बॅजची रिबीन खाल्ली होती. आज चोच मिटून, एक पाय जरा उचलून, पंगतीत आमंत्रणाशिवाय बसवलेल्या पाहुण्यासारखा तो उभा राहिला. अण्णांनी थोडं पाणी शिंपडलं. थांबले. परत शिंपडलं. मग ते हळूच म्हणाले की काहीतरी राहिलंय, कुणाच्या मनात काही असेल तर आत्ता बोलावं. रीतच आहे तशी. घरच्यांनी मन मोकळं करायचं, देव वाट बघतो.

आई आधी बोलली. येताना यष्टीच्या कंडक्टरला मनात शिव्या दिल्या होत्या, त्यानं पिशवीचं तिकीट मागितलं म्हणून. चुकलं. कोंबडा उभाच. मग अण्णा खाकरले. नवस बोलताना पांढरा कोंबडा बोललो होतो, घरात तांबडाच निघाला, म्हटलं देव समजून घेईल. चुकलं. कोंबडा उभाच. दोघं पुन्हा विचारात पडले. अण्णा आठवत होते, आई आठवत होती, शेजारणीशी झालेलं, भावकीतलं, बांधावरचं, कुठं कुठं जाऊन येत होते ते. सार्थक त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होता, आणि त्याच्याकडं त्यांनी बघितलंच नाही. संशय आला आणि तो दाबला असं नाही; पोरात काही असेल हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. म्हसोबाच्या दारात ते आपल्या दोघांच्याच झाडाझडत्या घेत होते. सार्थकला काल गाठ सोडणारी आपली दोन बोटं आठवली. त्याला वाटलं की आई आता तिच्या आयुष्यातली सगळी पापं एकेक करून सांगेल, तिची संपतील, आणि तरी हा कोंबडा असाच उभा राहील.

"मी पास झालो नाही," तो म्हणाला. "एम-थ्री राहिलाय. मी खोटं बोललो."

टक, असा आवाज झाला. कोंबड्यानं मान खाली घालून एक दाणा उचलला होता. मग दुसरा. मग तो घाईनं, भराभरा, रात्रभर उपाशी असल्यासारखा टिपत सुटला आणि तांदूळ संपले तेव्हा त्यानं आईच्या पायाचं जोडवंही टिपून बघितलं.

"घेतला देवानं," अण्णा पुटपुटले. त्यांचा हात सुरीकडं गेला आणि तिथंच थांबला. कारण देवानं घेतला खरा, पण कशाबद्दल घेतला ते कुणालाच सांगता येईना. नापास झाल्याबद्दल कोंबडा द्यायची पद्धत उभ्या भोर तालुक्यात नव्हती.

आई दगडाकडं बघत होती. बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, हिशेब चुकल्यावर माणूस जसा बुचकळ्यात पडतो तसं काहीतरी होतं. "म्हंजे म्या येवढे दिस फुकाट च्या प्याले."

सार्थकला पुष्कळ सांगायचं होतं, जिन्याचं, फळीवरच्या फोनचं, त्या आवाजाचं. तोंडातून निघालं एवढंच की, "तुझं डोकं दुखायचं."

"डोकं माजं, च्या माजा, सोडला म्या," आई म्हणाली. "तू कोण मदी पडणारा?" मग ती नारळाची शेंडी उगाच नीट करत राहिली. "आता म्या काय सोडत न्हाई," ती शेवटी म्हणाली. "माजं सोडून झालं. आता तू सोड."

अशा रीतीनं सार्थकनं चहा सोडला. कोंबड्याचा निकाल अण्णांनी दिला. दाणे टिपल्यामुळं तो देवाचा झाला, घरी नेता येत नाही. पोरगं सुटलं नाही म्हणून कापताही येत नाही. तेव्हा पोरगं सुटेपर्यंत तो इथंच राहील, पोरानं त्याला दाणापाणी करावं, आणि पोरगं पास झालं की अण्णा येतील. त्यांनी बाभळीला सुतळी बांधली, बैलाला न सुटणारी. कँटीनमध्ये आईनं कबूल केल्याप्रमाणं चहा मागवला, बशीत ओतला आणि लहानपणापासूनच्या सवयीनं बशी सार्थकपुढं सरकवली. त्यानं हात पुढं केला. तिच्या ध्यानात आलं, तिनं बशी परत आपल्याकडं ओढली, त्याच्या डोळ्यात बघितलं आणि चहा ओढून घेतला. फुर्र. शेजारच्या टेबलावरच्या पोरी वळून बघायला लागल्या. सार्थकला कालपर्यंत त्या आवाजाची इथं लाज वाटली असती. आज त्याला फक्त चहा पाहिजे होता.

दुपारच्या भोर गाडीत आई जागा धरायला पुढं चढली तेव्हा अण्णा मागं रेंगाळले. ते रागावतील म्हणून सार्थक मान खाली घालून उभा होता. अण्णांनी इकडंतिकडं बघितलं, आणि त्याच्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "तंबाकू सोडली म्हणून सांगितलंय म्या तिला. दोन वरसं झाली. मगाशी बोलणार व्हतो, तेवढ्यात तू बोल्लास." तोंडाला तंबाखूचा वास येत होता. त्यांनी पोराच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरात, आणि धावत जाऊन गाडी पकडली.

संध्याकाळी सार्थक मेसमधून मूठभर तांदूळ घेऊन बाभळीखाली गेला. हलकं वाटत होतं त्याला, डोकं मात्र ठणकत होतं. दिवसभर चहा नाही म्हणजे काय ते कपाळाच्या आतून कळत होतं, आणि आईनं हे महिनोन्‌महिने कसं काढलं असेल असं म्हणत तो पोचला, तर बाभळीला नुसती सुतळी. दगडापुढं ताजा गुलाल, फोडलेला नारळ, विझत आलेली उदबत्ती. कुंडलिकमामा कडेला हात धूत होते. मामा वेल्ह्याकडचे, देवाधर्माला कडक. "आरं, नवस आर्धा टाकून गेली बग मानसं," ते कळवळून म्हणाले. "हळद लावलेला, दाणं टिपलेला, आन कापायचं इसरलं. देवाला आसं ताटकळत ठिवू न्हाई. म्या केलं समदं रीतीनं. एकट्यानं खायचं नसतंय, म्हणून मेसच्या पातेल्यात दिला टाकून." मेसमध्ये रविवारची फीस्ट, म्हणजे कोंबडीचा रस्सा होता. पातेलं केव्हाच उकळत होतं. एका कोंबड्याचा वाटा तो किती, पण मामांनी हाक मारून सगळ्यांना सांगितलं की म्हसोबाचा प्रसाद आहे, रस्सा तरी घ्या, आणि प्रद्युम्ननं रोबोचा सूड म्हणून तीन वेळा वाढून घेतलं. सार्थक ताट घेऊन बसला. रश्श्याच्या तवंगावर त्याला एक गोल पिवळा डोळा दिसत राहिला. त्यानं दहीभात खाल्ला आणि खोलीवर जाऊन कपाळाला टॉवेल बांधला.

मग मालिनी मॅडमकडं तो रोज गेला. समोर बसून गणितं सोडवली, मठ्ठ दिसायची लाज सोडली, चहा तर सोडलेलाच होता. उन्हाळ्यात परीक्षा झाली, निकाल लागला. हॉस्टेलमधले एम-थ्री राहिलेले सगळे सुटले. प्रद्युम्नला बासष्ट पडले. सार्थक तेवढा राहिला, दोन मार्कांनी. त्यानं लगेच घरी फोन लावून झालं ते सांगून टाकलं, मामांनी मेसमध्ये वाटलेल्या प्रसादापासून बाकीचे सगळे सुटले इथपर्यंत. तिकडं फुर्र असा अर्धा आवाज झाला आणि थांबला. आईनं विचारलं, त्या रविवारी निदान रस्सा तरी घेतला होतास का.

"दहीभात खाल्ला," सार्थक म्हणाला.